वाचकांचे प्रश्न : अमेरिकेच्या पश्चिमेतील डोंगर आणि दऱ्या

प्रश्न : अँडीज पर्वत किनाऱ्याला लागून आहेत. रॉकी पर्वत मात्र पॅसिफिकपासून हजार किलोमीटरहून आत कसे?

समुद्रतळाची प्लेट खंडाखाली तिरकी घुसली, की डोंगर साधारणपणे किनाऱ्याजवळच उठतात. सुमारे ८ ते ४ कोटी वर्षांपूर्वी मात्र फॅरालॉन ही समुद्रतळाची प्लेट उत्तर अमेरिकेखाली जवळजवळ आडवी सरकत गेली, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. त्यामुळे दाब थेट वायोमिंग-कोलोरॅडोपर्यंत पोचला आणि खोलवरचे प्राचीन खडक भ्रंशांवरून (कवचातल्या मोठ्या भेगांवरून) वर ढकलले गेले. प्लेट आडवी का झाली, यावर वाद आहे. समुद्रतळावरचे एखादे जाड पठार तिच्याबरोबर खाली ओढले गेले आणि त्याने तिला तरंगते ठेवले, हे एक स्पष्टीकरण. २००४ पासून सुमारे ७० किलोमीटर अंतराने मांडलेले ४०० भूकंपमापक टप्प्याटप्प्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे हलवत नेले गेले. त्या नोंदींतून खंडाखाली गेलेल्या प्लेटचे थंड, जड तुकडे दिसू लागले, कारण थंड खडकातून भूकंपलहरी जास्त वेगाने जातात.

आमच्या मते याहून अवघड प्रश्न उंचीचा आहे. डेन्व्हर १,६०० मीटरवर आहे, पण त्या परिसरातला पिअर शेल हा खडक समुद्रात साचलेला आहे. पूर्वेकडच्या मैदानातले थर फारसे मोडलेले-दुमडलेले नाहीत, तरीही ते मैदान एवढे उंच. म्हणजे नुसत्या दाबाने भागत नाही. ही उंची रॉकीजबरोबरच आली की पुष्कळ नंतर, खालच्या तप्त प्रावरणामुळे (कवचाखालच्या थरामुळे), याचा निकाल अजून लागलेला नाही.

प्रश्न : ग्रँड कॅन्यनचे वय कुठे ६० लाख वर्षे वाचले, कुठे ७ कोटी. इतका फरक कसा?

दोन्ही आकडे मोजमापातूनच आले आहेत. फक्त मोजलेली गोष्ट वेगळी आहे. ७ कोटींचा आकडा २०१२ मध्ये अ‍ॅपेटाइट या खनिजातल्या हेलियमवरून मांडला गेला. युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासातून हेलियम सतत तयार होतो. खडक गरम असेपर्यंत तो निसटतो आणि सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की स्फटिकात अडकू लागतो. भूपृष्ठ १५ अंशांवर आणि खोलीबरोबर वाढ किलोमीटरला २५ अंश धरली, तर ही खोली २ किलोमीटरच्या थोडी पुढे येते. म्हणून हे घड्याळ 'खडक पृष्ठभागाच्या जवळ कधी आला' एवढेच सांगते. वरचा भार घळई कोरल्याने गेला की अख्खे पठार झिजल्याने, ते त्याला कळत नाही.

शिवाय हे ७० अंशही पक्के नाहीत. किरणोत्सर्गाने स्फटिकाला जितकी इजा झालेली असते, तितका हेलियम घट्ट धरला जातो. अगदी बारीक कण घेतले तर कडेजवळचा हेलियम स्फटिकाबाहेर फेकला जातो आणि दुरुस्ती मोठी करावी लागते. अ‍ॅपेटाइटच्या आत झिरकॉन या युरेनियम असलेल्या दुसऱ्या खनिजाचा लपलेला कण असला तर वय फसवे जुने येते : तापवल्यावर त्याचा हेलियम मोजला जातो, पण नायट्रिक आम्लात अ‍ॅपेटाइट विरघळले तरी झिरकॉन तसाच राहतो आणि त्यातले युरेनियम हिशेबात येत नाही. म्हणून प्रत्येक कण आधी सूक्ष्मदर्शकाखाली फिरवून पाहतात आणि एका नमुन्यातले अनेक कण मोजतात.

५० ते ६० लाखांचा आकडा गाळावरून येतो. घळईच्या पश्चिम तोंडाशी, ग्रँड वॉश खोलगटात, त्याआधीच्या थरांत कोलोरॅडो नदीने आणलेला गाळ सापडत नाही. आजची नदी तिथून वाहत असती तर तो सापडायलाच हवा होता. २०१४ मध्ये मांडलेली तडजोड अशी : मधल्या काही भागांत जुन्या दऱ्या होत्या, आणि ५० ते ६० लाख वर्षांपूर्वी नदीने त्या जोडून एकच घळई केली. गाळाचा पुरावा पाहता आम्हाला हेच अधिक पटते. पश्चिम भागाबद्दल मात्र वाद चालू आहे.

प्रश्न : मूठभर वाळूवरून डोंगर किती झिजतो हे खरेच कळते का?

मूठभर नाही, एक-दोन किलो लागते, पण कळते. वैश्विक किरण खडकाच्या वरच्या थरातल्या क्वार्ट्झमध्ये बेरिलियम-१० (बेरिलियमचा किरणोत्सर्गी प्रकार) बनवतात. साधारण ६० सेंटिमीटर खोलीला निर्मितीचा वेग पृष्ठभागावरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येतो. डोंगर हळू झिजला तर कण या थरात जास्त काळ राहतो आणि जास्त अणू साठवतो.

वाळू वाहत्या पात्रातून घ्यावी, उपनदीच्या संगमाच्या वरच्या बाजूने, आणि चाळून पाव ते अर्धा मिलिमीटरचे कण वेगळे करावेत. नुकत्याच कोसळलेल्या दरडीच्या खालून नमुना घेऊ नये : खोलवरच्या, किरण न लागलेल्या दगडाची भेसळ होते आणि झीज आहे त्यापेक्षा जास्त दिसते. प्रयोगशाळेत चुंबकाने लोहयुक्त खनिजे काढतात, मग पातळ हायड्रोफ्लोरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुतात. त्याने फेल्डस्पार (वाळूतले दुसरे, अ‍ॅल्युमिनियमयुक्त खनिज) जातो आणि पावसाबरोबर येऊन कणांवर चिकटलेले बेरिलियमही निघते. धुणे पुरेसे झाले का, हे अ‍ॅल्युमिनियम मोजून ठरते. ते जास्त निघाले तर फेल्डस्पार उरला आहे, परत धुवा. मग सुमारे पाव मिलिग्रॅम साधे बेरिलियम-९ मिसळून बेरिलियम-१० शी त्याचे गुणोत्तर त्वरकयंत्रावर मोजतात. बोरॉन-१० चे वस्तुमान जवळजवळ तेवढेच असल्याने ते नीट काढले नाही तर मोजणी बिघडते.

एक उदाहरण. निर्मिती वर्षाला ग्रॅममागे २० अणू, खडकाची घनता घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम, क्षीणनाचे प्रमाण (किरण तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास येईपर्यंत ओलांडलेला खडकाचा भार) १६० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर आणि मोजलेले अणू ग्रॅममागे ४ लाख. २० गुणिले १६०, भागिले (२.७ गुणिले ४ लाख) म्हणजे वर्षाला सुमारे ०.००३ सेंटिमीटर, दहा लाख वर्षांत ३० मीटर. आता ६० सेंटिमीटरला या वेगाने भागा : २०,००० वर्षे. ही सरासरी त्या सगळ्या काळाची आहे, म्हणजे शेवटच्या हिमयुगापर्यंत मागे जाणारी. आजच्या पावसाशी किंवा धरणात साचणाऱ्या गाळाशी तिची सरळ तुलना करणे चूक. दरीत हिमनदी होती, तर बर्फाने किरण अडवले होते आणि वरचे सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही.

प्रश्न : वणव्यानंतर दगडमातीचे लोंढे किती काळ येऊ शकतात?

पहिली दोन वर्षे सर्वांत धोक्याची. कोलोरॅडोतल्या ग्लेनवुड कॅन्यनमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये वणवा लागला आणि जुलै २०२१ च्या लोंढ्यांनी आय-७० महामार्ग सुमारे दोन आठवडे बंद पाडला. जळलेल्या मातीत पाणी मुरत नाही. ते उतारावरून धावते आणि वाटेत राख, गोटे, झाडे उचलत जाते. त्यामुळे दिवसभराच्या पावसापेक्षा १५ मिनिटांतला जोर महत्त्वाचा. अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अंदाजात त्याच्या जोडीला तीन गोष्टी धरतात : २३ अंशांहून तीव्र उताराचा किती भाग मध्यम ते तीव्र जळाला, उपग्रहातून दिसणारी जळण्याची तीव्रता आणि मातीची धूपक्षमता.

झुडपे परत उगवली की हा प्रकार ओसरतो. मात्र जळालेल्या झाडांची मुळे काही वर्षांनी कुजतात, मातीची पकड सुटते, आणि मग दीर्घ, संथ पावसात भिजून उथळ दरडी सुटू लागतात. त्यांच्यासाठी १५ मिनिटांचा निकष उपयोगाचा नाही. तिथे मातीतला ओलावा मोजावा लागतो.