४५० दिसला की आयपीच्या मागे लागू नका

तुम्ही लिहून विचारलेलं दुखणं चांगलंच ओळखीचं आहे. पुढे पोस्टफिक्स (मेल सर्व्हर सॉफ्टवेअर) गेटवे, मागे दोन डोमेनचे सर्व्हर. मेल घेण्याआधी गेटवे मागच्या सर्व्हरला ‘हा पत्ता आहे का’ असं विचारतो, तीच चाचणी, आणि उत्तर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. एकावर नव्याने उघडलेल्या मेलबॉक्सला ४५० (तात्पुरता नकार) मिळतोय, तर दुसऱ्यावर कुठलाही भलता पत्ता बिनतक्रार आत जातोय. डीएनएस, एमएक्स, फायरवॉल बघून झालं असेल असं धरतो.

आधी लॉगमधली ती ओळ शेवटपर्यंत वाचा. ‘अनडिलिव्हरेबल ॲड्रेस’ असेल तर मागच्या सर्व्हरने पत्ता नाकारलाय, त्याचं मूळ उत्तरही तिथेच पुढे असतं. ‘अनव्हेरिफाइड ॲड्रेस’ म्हणजे ठाम उत्तरच मिळालेलं नाही: सर्व्हर बंद आहे, ग्रेलिस्टिंग (अनोळखी सर्व्हरला आधी ‘नंतर या’ सांगणं) आडवं आलंय किंवा तपासणी अजून चालू आहे. आमच्या होस्टिंगवाल्यांचा सपोर्ट ही ओळ न वाचता “आयपी ब्लॉकलिस्टमध्ये असेल” एवढंच सांगत राहिला आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. अरे, ४५० आपलाच गेटवे देतोय, मग ब्लॉकलिस्टचा संबंध कुठे येतो? लॉग न उघडता तिकीट बंद करणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

आता नवा मेलबॉक्स. तो उघडण्याआधीच कुणी त्या पत्त्यावर मेल टाकली असेल, तर ‘नाही’ हे उत्तर कॅशमध्ये बसतं. मूळ सेटिंगप्रमाणे ते ३ दिवस टिकतं आणि ३ तासांनंतर ताजं करायची वेळ येते. पण ताजं करणं पार्श्वभूमीवर होतं, त्यामुळे ३ तासांनंतरची पहिली मेलही जुन्याच उत्तरावर परत जाते. कोड ४५० असेल तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा येतो आणि मेल पोचते. तिथे घाईने ५५० (कायमचा नकार) केला असेल तर ती मेल कायमची बाउन्स. म्हणून ५५० लगेच करू नका, आधी लॉगवर नीट नजर ठेवा. वाट बघवत नसेल तर पोस्टफिक्स थांबवा, ‘पोस्टमॅप’ या आदेशाला उणे-डी देऊन कॅशमधली तेवढी नोंद काढा आणि परत चालू करा. चालू असताना त्या फाइलला हात लावू नका.

दुसऱ्या डोमेनमागे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर, एक्सचेंज २०१३ किंवा त्यानंतरचं असावं, हा माझा अंदाज. तुम्ही लिहिलेलं नाही. त्याचा २५ पोर्टवरचा फ्रंटएंड ‘आरसीपीटी टू’ला (पत्ता सांगण्याच्या टप्प्याला) होकार देतो, नकार ‘डेटा’नंतर (मजकूर पाठवल्यावर) येतो. पोस्टफिक्सची चाचणी ‘डेटा’पर्यंत जातच नाही, त्यामुळे प्रत्येक पत्ता खरा ठरतो आणि नंतरच्या बाउन्सचा मारा ज्यांचा काही संबंध नाही अशांवर होतो. एक्सचेंजवर रेसिपियंट फिल्टरिंग चालू करा आणि फक्त चाचणी २५२५ पोर्टवर वळवा, तिथे नकार ‘आरसीपीटी टू’लाच मिळतो. त्यासाठी ‘ॲड्रेस_व्हेरिफाय_ट्रान्सपोर्ट_मॅप्स’ आहे.

जाता जाता: ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ (ही चाचणी लावणारा नियम) नेहमी ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’च्या (परक्या डोमेनची मेल नाकारणाऱ्या नियमाच्या) नंतरच लिहा, नाहीतर तुमचा गेटवे परक्या सर्व्हरांना विचारत सुटेल. आणि पत्त्यांची यादी हाताशी असेल तर माझं स्पष्ट मत, चाचणीच्या भानगडीत पडू नका, ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’ वापरा. वरचे आकडे मूळ सेटिंगचे आहेत. तुमच्याकडे कुणी बदललेत का ते ‘पोस्टकॉन्फ’ या आदेशाने बघा.