स्पष्टवक्त्याचं व्यक्तिचित्र लिहिणाऱ्या मुलीस

रामबाग, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा काल रात्री दोनदा वाचला. यूट्यूबवर राजकारणावर बोलणाऱ्या आपल्या शहरातल्या त्या गृहस्थांवर मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायचं तू मनावर घेतलंस आणि तीन वेळा त्यांच्या घरी जाऊन बसलीस, याचा मला फार आनंद झाला. हल्ली फोनवर दहा मिनिटं बोलून पानभर लिहून मोकळे होतात. तू खोली पाहून आलीस. आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर टांगलेली गोधडी, औषधाच्या खोक्याला टेकवलेला मोबाईल, कुकरची शिट्टी झाली की हात वर करून रेकॉर्डिंग थांबवणं. यातलं एक वाक्यसुद्धा काढू नकोस. फक्त त्याच्या शेवटी 'बाहेर वाघ आणि घरात साधा माणूस' असं जे जोडलंयस, ते खोड. घरात साधं कोण नसतं?

आता जे मला बोचलं ते. पहिल्या पानावर 'परखड' हा शब्द सहा वेळा आलाय. तो सगळीकडून काढ. हे मी इतक्या ठामपणे का सांगतो, ते ऐक.

नव्वदच्या दशकात मी इथल्या एका हिंदी दैनिकात होतो. शहरातल्या एका गाजलेल्या वक्त्यावर मी असंच व्यक्तिचित्र लिहिलं. सभेत मंत्र्याला तोंडावर सुनावणारा माणूस, मी भारावलो होतो. लेख छापून आला त्या दिवशी दुपारी एक निवृत्त कंपोझिटर कचेरीत आले. आयुष्यभर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. त्यांनी अंक माझ्या टेबलावर पसरला. 'निर्भीक' या शब्दाखाली चार ठिकाणी लाल पेन्सिलीची रेघ होती. म्हणाले, "यांनी आपल्याच टाळ्या वाजवणाऱ्यांना कधी काही सुनावलंय का? तेवढं एक दाखवा." मी आठवून पाहिलं. दोन वर्षं मी त्या माणसाच्या सभा ऐकत होतो आणि मला एकही प्रसंग आठवेना. ते अंक घडी करून घेऊन गेले. माझा तो लेख चुकीचा होता, असं मी आजही मानतो.

मराठीत या स्वभावाला किती शब्द आहेत बघ: परखड, रोखठोक, फटकळ, तोंडाळ, स्पष्टवक्ता. फटकळ माणूस समोर येईल त्याला बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. तोंडाळाला ऐकणारा मिळाला की पुरे. पण ज्यांच्या जिवावर आपलं चालतं त्यांना न आवडणारं बोलायचं, हे फार थोड्यांना जमतं. तुझे गृहस्थ यातले कोण, हे शोधणं तुझं काम आहे, आणि त्यासाठी त्यांचं कुणाच्या जिवावर चालतं हे आधी कळायला हवं. पूर्वीच्या संपादकाला मालकाची आणि सरकारी जाहिरातींची चिंता असे. यांना मालक नाही. एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं, एवढी अट पुरी झाली की लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींचे ५५ टक्के यूट्यूब चॅनेलवाल्याला देतं. म्हणजे दिल्लीच्या नेत्याला शिव्या घातल्या तर यांचं काही जात नाही, उलट येतं. यांचा अन्नदाता प्रेक्षक आहे. त्याला दुखावलं तरच खिशाला झळ लागते.

म्हणूनच तिसऱ्या पानावरचा आलेख वाचून मी थांबलो. तू ते अर्ध्या ओळीत उरकलंस! त्यांनी तुला यूट्यूब स्टुडिओ उघडून एका अकरा मिनिटांच्या एपिसोडची रेघ दाखवली. कोणत्या मिनिटाला किती लोक पाहत होते, याची ती रेघ. सुरुवातीला उंच, मग हळूहळू उतरणारी, आणि एका जागी एकदम पायरीसारखी खाली. तिथे ते म्हणाले होते, "पिछले हफ्ते मैंने जो आंकड़ा बताया था, वो ग़लत था." तुला बोट लावून दाखवत म्हणाले, "इथे लोक उठून गेले." अगं, तुझा लेख इथेच आहे. चूक कबूल केली की माणसं निघून जातात, हे ज्याला दर आठवड्याला रेघेवर दिसतं, तो पुढच्या वेळी काय करतो? दुरुस्ती सुरुवातीला सांगतो, शेवटच्या मिनिटात ढकलतो, की खालच्या मजकुरात एक ओळ लिहून मोकळा होतो? त्या एपिसोडच्या पुढचे वीस एपिसोड पाहा आणि वहीत टिपून ठेव. हे काम कंटाळवाणं आहे, तरी कर.

आपल्याकडे बेधडक लेखणीची गोष्ट निघाली की लोक टिळक-आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांचं नाव घेतात. ते दिवस कशापायी आले ते मात्र कुणी सांगत नाही. १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले आणि थोड्याच काळात त्यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर छत्रपतींच्या छळाचे आरोप छापले. तरुण छत्रपतींबद्दलची कळकळ खरी होती. ज्या पत्रांच्या आधाराने छापलं, ती पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली, त्यातले १०१ दिवस भोगावे लागले. आपली एवढी मोठी माणसंही कागद न पारखता बोलली, की फसली. मला त्या दोघांबद्दलचा आदर यामुळे तसूभरही कमी वाटत नाही.

आणि त्याच आगरकरांनी पुढे 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. सरकारवर टीका केली की वाचक खूश असत. आगरकर वाचकाच्या घरात शिरले: बालविवाह, विधवांचं केशवपन. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, ती कुणा इंग्रज साहेबाने काढली नव्हती. त्या कंपोझिटरना मी दाखवायला हवा होता तो प्रसंग असा असतो.

तुझ्या गृहस्थांचा असा प्रसंग तुझ्याच मसुद्यात आहे, तुला तो दिसला नाही. बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली मार्गिका. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, २०१३ मध्ये सुरू झाली, २०२५ मध्ये हायकोर्टाने काढायला परवानगी दिली. गाडीवाले खूश झाले. आणि त्यांचा प्रेक्षक म्हणजे बहुतेक स्वतःच्या गाडीने फिरणाराच. तरी त्यांनी बसच्या बाजूने एपिसोड केला, रोज कॉलेजला आणि कामाला बसने जाणाऱ्या मुलींचं काय होणार हे विचारलं. त्यांचं म्हणणं बरोबर की चूक हे सोड. त्या आठवड्यात किती सबस्क्रायबर गेले, घरात काय बोलणं झालं, पुढच्या एपिसोडला त्यांनी विषय बदलला का, हे विचार. विषय बदलला असेल तर तेही लिही, त्यांना न दुखावता पण पूर्ण लिही.

दोन लहान गोष्टी. त्यांची हिंदी वाक्यं मराठीत करू नकोस, देवनागरीतच जशीच्या तशी ठेव. आपल्या इंदूरच्या वाचकाला ती कळतात, आणि घरात मराठी नि कामाला हिंदी ही आपली जुनी रीतच आहे. इथल्या 'नई दुनिया' या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते असेच होते, बनारसच्या 'आज'चे संपादक बाबूराव पराडकरही. दुसरं, त्यांनी एका स्थानिक नेत्याबद्दल तुला खासगीत जे सांगितलं, ते कागद हातात असल्याशिवाय छापू नकोस. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि "ते मी नाही बोलले, ते बोलले" असं म्हणून छापणारा सुटत नाही. त्यांच्या मुलाच्या नोकरीचा उल्लेखही काढ. तो मुलगा काही कॅमेऱ्यासमोर बसलेला नाही.

सुरुवात पुन्हा लिही. गोधडीपासून नको, त्या रेघेपासून कर. त्यांच्याकडे चौथ्यांदा जा आणि बीआरटीएसच्या एपिसोडची रेघही उघडून दाखवायला सांग. दोन्ही रेघा वहीत हाताने काढून आण. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे, काकूने तुला जेवायलाच थांबायला सांगितलंय.

तुझा,
काका