सिंगापूरकडे ना शेती, ना खनिजं; मग केवळ बंदराच्या जोरावर हा देश कसा चालतो?

‘केवळ बंदराच्या जोरावर’ हे पूर्ण खरं नाही. सागरी क्षेत्राचा सिंगापूरच्या जीडीपीतला थेट वाटा साधारण ७ टक्केच धरला जातो. तरीही बंदर नसतं तर बाकीचे बरेच उद्योग तिथे आलेच नसते, असं माझं मत आहे.

मोठी गंमत अशी की, तिथे उतरणारा बहुतेक माल सिंगापूरचा नसतोच. चितगावहून लहान फीडर जहाजातून आलेला कंटेनर तिथे उतरतो, यार्डात थांबतो आणि युरोपला जाणाऱ्या महाकाय जहाजावर चढतो. हे ट्रान्सशिपमेंट. मोठी जहाजं थांबतात म्हणून फीडर येतात, आणि फीडर येतात म्हणून मोठ्या जहाजांना थांबणं परवडतं. हे चक्र एकदा फिरू लागलं की दुसऱ्या बंदराला ते तोडणं फार जड जातं. २०२४ मध्ये सिंगापूरने ४ कोटी ११ लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरचं माप) हाताळले. शांघायखालोखाल जगात दुसरा क्रमांक!

थांबलेलं जहाज इंधन भरतं, दुरुस्ती करून घेतं. जहाजांना इंधन पुरवण्यात सिंगापूर जगात पहिलं आहे, आणि स्वतःची तेलविहीर एकही नाही! सात बेटं भराव घालून जोडली, त्यातून जुराँग बेट झालं, आणि तिथे तेलशुद्धीकरण व रसायन उद्योग वसला. विमा, जहाजांसाठी कर्ज, लवाद हे त्यामागोमाग आलं.

जागा मोक्याची, मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी, हे खरंच. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॅफल्स या अधिकाऱ्याने ठाणं उभारलं आणि ते जकातमुक्त ठेवलं, तेही महत्त्वाचं. पण मला जास्त मोल वाटतं ते १९६५ मध्ये देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या निर्णयांचं. ब्रिटिश आरमार निघून जाणार हे दिसताच सेंबावांगच्या आरमारी गोदीत व्यापारी जहाजांची दुरुस्ती सुरू केली. १९७२ मध्ये तांजोंग पगारच्या धक्क्याला पहिलं कंटेनर जहाज लागलं, तेव्हा या प्रदेशात कंटेनर ही नवलाई होती.

यातला धोकाही मोठा आहे. माल आपला नसला की तो दुसरीकडे वळायला वेळ लागत नाही. २००० मध्ये मर्स्क या बड्या जहाज कंपनीने आपलं काम शेजारच्या मलेशियातल्या तांजुंग पेलेपासला हलवलं, २००२ मध्ये एव्हरग्रीन ही जहाज कंपनीही गेली. सिंगापूरला दर आणि अटी दोन्ही बदलाव्या लागल्या. नगरराज्याचं बंदर म्हणूनच कधी निवांत बसू शकत नाही. मागे आधार द्यायला देशांतर्गत मोठी बाजारपेठ नसते.

आता ते सगळं कंटेनर काम पश्चिमेकडच्या तुआसला नेत आहेत. तिथलं बंदर २०२२ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झालं. २०४० च्या दशकात पूर्ण झाल्यावर क्षमता ६.५ कोटी टीईयू असेल. शहराच्या मध्याजवळची जुन्या धक्क्यांची जमीन त्यामुळे घरं आणि कार्यालयांसाठी मोकळी होईल, आणि इतक्या चिमुकल्या देशात ही जमीनसुद्धा बंदराचीच कमाई म्हणायला हवी.