व्हिडिओ असूनही सुटले कसे?

प्रश्न : लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी मारल्याचा व्हिडिओ मी परवा पहिल्यांदाच बघितला, माणूस जमिनीवर पडलाय आणि दांडके पडतच आहेत. तरी चारही पोलीस सुटले म्हणे, आणि नंतर त्यातल्याच दोघांना शिक्षा झाली. एवढा पुरावा असताना हे कसं काय? डोकंच चालत नाही.

उत्तर : २९ एप्रिल १९९२ ला निकाल आला तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये लोकांचं हेच झालं होतं. मारहाण मार्च १९९१ ची, एकाने आपल्या बाल्कनीतून शूट केलेली, आणि वर्षभर ती टीव्हीवर इतक्यांदा लागली की लोकांच्या मनात निकाल कधीच लागून गेला होता. खटला मात्र शहराबाहेर सिमी व्हॅलीत चालला, ज्युरीत, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या गटात, एकही कृष्णवर्णीय नव्हता, आणि बचावाच्या वकिलांनी तोच व्हिडिओ एकेक फ्रेम थांबवून दाखवला, बघा इथे हा हलला, इथे उठायला बघतोय, म्हणून दांडका मारावा लागला. सलग बघितलं तर सरळ मारहाण दिसते, तुकडे केले की प्रत्येक फटक्याला काहीतरी कारण चिकटवता येतं. या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हेच छळतं. एका पोलिसावरच्या एका आरोपावर ज्युरीचं एकमत झालं नाही, बाकी सगळ्यातून चौघंही सुटले.

त्याच संध्याकाळी शहर पेटलं. साठहून जास्त माणसं गेली, आणि जळालेली कितीतरी दुकानं कोरियन कुटुंबांची होती ज्यांचा त्या कोर्टाशी काडीचा संबंध नव्हता. राग खरा होता, मी तो चूक म्हणणार नाही, पण भोगलं भलत्यांनीच.

नंतरच्या शिक्षेचं म्हणाल तर अमेरिकेत राज्य आणि केंद्र या वेगवेगळ्या सत्ता मानतात, म्हणून एकाच घटनेवर दोघंही खटला भरू शकतात. केंद्राने नागरी हक्क डावलल्याचा खटला भरला, आणि १९९३ मध्ये त्या चौघांपैकी कून आणि पॉवेल दोषी ठरले, प्रत्येकी ३० महिने. बाकी दोघं तिथेही सुटले.

२०२० मध्ये मिनियापोलिसमध्ये पोलीस डेरेक शॉविनने मानेवर गुडघा दाबून ठेवल्याने मेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या खटल्यातही व्हिडिओ होता, पण तिथे सरकारी वकील ९ मिनिटं २९ सेकंद, म्हणजे गुडघा किती वेळ दाबला होता, हा आकडा ज्युरीपुढे सोडतच नव्हते, आणि मिनियापोलिसचे पोलीस प्रमुख स्वतः साक्षीला येऊन म्हणाले की हे आमच्या नियमांत बसत नाही. एप्रिल २०२१ मध्ये शॉविन तिन्ही आरोपांत दोषी ठरला तेव्हा कोर्टाबाहेर लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते.