जुन्या इंग्रजी संवाद-कवितांमध्ये कोण बोलतंय हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की 'ती म्हणाली, तो म्हणाला' असं काहीच नसतं, अवतरणचिन्हं एका आवृत्तीत दिसतात, दुसरीत नाहीत. चिन्हांच्या नादी लागू नका, ती छापणाऱ्यांची. गाणाऱ्याच्या तोंडी ती कधीच नव्हती. हाक कुणाला मारलीय ते बघा. झालं उत्तर. पुढचं लिहितेय ते माझी जुनी मळमळ आहे म्हणून.

बी.ए.ला असताना आंतरमहाविद्यालयीन काव्यवाचन स्पर्धेत मी 'एडवर्ड' म्हटली होती, थॉमस पर्सीच्या १७६५ च्या 'रेलिक्स' या जुन्या गीतांच्या संग्रहातली. सात कडवी, प्रत्येकात आधी आई विचारते, मग मुलगा सांगतो. तलवारीला रक्त कसलं? ससाणा मारला. ससाण्याचं रक्त एवढं लाल नसतं रे! बरं, घोडा मारला. घोडा तर म्हातारा झाला होता, आणि तुझ्याकडे आणखी आहेत की. तेव्हा कुठे 'बापाला मारलं' हे बाहेर येतं.

घरी पाठ करत होते तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. इंग्रजीशी तिचा संबंध नाही. म्हणाली, "हे सारखं एडवर्ड एडवर्ड, मिदर मिदर काय चाललंय गं?" आई मुलाला 'एडवर्ड' म्हणते, मुलगा आईला 'मिदर', म्हणजे आई, असा अर्थ सांगितला तर म्हणे, "म्हणजे आपला कारल्याचा वेलच की! सासू 'गं सुने' म्हणते, सून 'हो सासूबाई' म्हणते."

अगदी तेच. भोंडल्यात सगळ्याजणी सासूचंही म्हणतात नि सुनेचंही, एकाच चालीत. कुणी घसा बदलत नाही आणि कुणाचा घोटाळाही होत नाही. म्हणून मीही एकाच आवाजात म्हटली. शिवाय शेवटच्या कडव्यात मुलगा आईला नरकाचा शाप देतो, कारण तसला सल्ला तिनंच दिलेला असतो. इतका वेळ उलटतपासणी घेणारी बाईच त्यात सामील! तिला आधीपासून वेगळा, भोळा आवाज दिला की हा घाव बसतच नाही.

परीक्षकांचा शेरा: "दोन पात्रं आहेत, आवाजात फरक नाही." पहिला नंबर आला 'लॉर्ड रँडल' म्हणणाऱ्या मुलाचा, तीही आई-मुलाच्या संवादाचीच कविता. त्यानं आईसाठी बारीक आवाज काढला होता. विष चढलेला पोरगा "आई, लवकर अंथरूण घाल" म्हणतोय आणि सभागृह हसतंय. याला म्हणे सादरीकरण.

आता एक कबूल करते. क्रिस्टोफर मार्लोच्या कवितेत मेंढपाळ एका तरुणीला 'माझ्याजवळ राहा' म्हणून विनवतो, त्याचं प्रकरण निराळं आहे. 'इंग्लंड्स हेलिकॉन' या कवितासंग्रहात (१६००) त्याच्या आर्जवाखाली 'इग्नोटो' (म्हणजे अज्ञात) अशा सहीनं त्या तरुणीचं उत्तर छापलंय. ते वॉल्टर रॅलेचं, असं आयझॅक वॉल्टन या लेखकानं १६५३ मध्ये लिहिलं. छंद तोच, पण कविता दोन. तिथे हवे तर दोन आवाज लावा. आणि 'एडवर्ड' स्कॉट्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत आहे, त्यामुळे 'मिदर' हा मुद्रणदोष समजू नका.

संग्रह कोणता घ्यावा म्हणाल, तर पर्सीपेक्षा फ्रान्सिस चाइल्ड या अभ्यासकाचा घ्या. पर्सी मूळ शब्दांवर स्वतःचा हात फिरवायचा. चाइल्डनं ३०५ बॅलड, म्हणजे अशी कथागीतं, पाठभेदांसकट दिलीत. बारावं 'रँडल', तेरावं 'एडवर्ड'. दोन्ही मोठ्यानं म्हणा, फक्त आईसाठी तो बारीक आवाज तेवढा काढू नका.