भाकरी का चिरते, हे मुलाला शोधू द्या

न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहिलंय: "आम्ही मूळचे सोलापूरचे. मुलगा सातवीत आहे. सायन्सच्या टेस्टमध्ये मार्क चांगले पडतात, पण दर मीटिंगला बाई एकच सांगतात, वर्गात भाग घेत नाही. ग्रुपमध्ये प्रयोग चालू असला की हा बाजूला वहीत लिहीत बसतो. ह्यांनी ऑनलाइन ट्यूशन लावलीय. अजून काय करू?"

ताई, मुलाला विज्ञान येतंय. अडतंय ते सगळ्यांसमोर "मला असं वाटतं, कारण..." म्हणताना. तुमच्याकडच्या शाळा २०१३ साली आलेल्या नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्सवर, म्हणजे विज्ञान कसं शिकवायचं याच्या अमेरिकेतल्या निकषांवर चालतात. प्रश्न विचारणं, प्रयोग आखणं, पुराव्यानिशी वाद घालणं हा त्यात अभ्यासाचाच भाग आहे. म्हणजे बाई त्याच्या स्वभावाबद्दल नाही, शिकण्याबद्दलच बोलतायत. आणि आपल्या घरात? मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये, पक्कं माहीत असल्याशिवाय तोंड उघडू नये. हे वळण वाईट नाही. त्यामुळेच पोरगं नीट ऐकतं, बारकाईनं बघतं. पण दोन ठिकाणचे दोन रिवाज त्याला कुणी उघडपणे सांगितलेले नसतात. आधी तेवढं सांगा: "आजोबांना मध्येच तोडत नाहीस ते छान. शाळेत मात्र बाईंना तुझं अर्धवट मतसुद्धा ऐकायचं असतं."

मग सवय घरी लावा. सोलापूरच्या आजीला रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि भाकरीचं काम मुलाकडे द्या. तिकडे मिळणारं ज्वारीचं पीठ बरेचदा जुनं, विरी (चिकटपणा) गेलेलं असतं. थापताना कडा चिरतात. आजी म्हणेल, आधणाचं पाणी घालून मळ. का, ते लगेच सांगू नका. आधी आजीचं म्हणणं, मग त्याचा अंदाज, मग दोन गोळे: एक गार पाण्यातला, एक कढत पाण्यातला. गार पाण्यातला थापता थापता फाटत जाईल, दुसरा धरून राहील. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं. कढत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ बांधून ठेवतो. इथवर तो स्वतः पोचला तर उत्तमच, नाही पोचला तर पुढच्या रविवारी. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी का फिरवायचं, हा पुढचा प्रश्न. त्यावर आजीशी त्याचा वाद झाला तर होऊ द्या. आजीला आधीच सांगून ठेवा की नातू उलट विचारणार आहे, वाईट वाटून घेऊ नका.

घरातल्या ज्ञानावरून असं शिकवण्याला आधार आहे. १९९२ साली शिक्षणाचे अभ्यासक लुई मोल आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनचं काम मांडलं. तिथले शिक्षक मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या घरी गेले, घरात शेतीचं, बांधकामाचं, औषधांचं केवढं ज्ञान आहे ते पाहून आले आणि त्यावर धडे बेतले. एका आईनं तर वर्गात येऊन मेक्सिकन मिठाई करून दाखवली. आपल्या जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी २०२० च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे सगळ्यांना माहीत झाले. लोकांच्या लक्षात राहिले त्यांचे पुस्तकांतले क्यूआर कोड. पण मला मोलाचं वाटतं ते त्याआधीचं: पुरस्कार देणाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड, म्हणून गुरुजी स्वतः कन्नड शिकले आणि पुस्तकं त्या भाषेत आणली.

एक मात्र सांभाळा. "आपल्या पूर्वजांना हे सगळं आधीच माहीत होतं" असं मुलाला शिकवू नका. आजीचं म्हणणं कधी खरं निघेल, कधी नाही. दोन्ही वेळा तपासायची मुभा त्याला हवी. ती नसेल तर घरीही तो ऐकून घेणाराच राहील.

डिसेंबरात येणार आहात, तर त्याला हुरड्याला शेतावर न्या. पाऊस कधीच थांबलेला असतो, बऱ्याच रानांत वरून पाणीही दिलेलं नसतं, तरी ज्वारी उभी असते. त्याला खुरपं द्या आणि काळ्या रानात उकरू द्या. वरची ढेकळं कोरडी, भेगाळलेली लागतील. खाली ओल कुठं सुरू होते ते त्यानं पट्टीनं मोजावं, दोन-तीन जागी मोजावं, फोटो काढावेत. परत गेल्यावर ग्रुपमध्ये दाखवायला त्याच्याकडे स्वतःचे आकडे असतील, आणि वर्गात ते दुसऱ्या कुणाकडेही नसतील.

बाईंना आताच दोन ओळींचा मेल करा: हा घरी काय करून बघतोय, आणि सुरुवातीला त्याला चारच्या गटाऐवजी एकाच जोडीदाराबरोबर बसवता येईल का. हात वर करायचा आग्रह थोडे दिवस नको, विचार करायला वेळ द्या, असंही लिहा. बहुतेक शिक्षक अशी माहिती मनापासून घेतात.

ट्यूशन तूर्त बंद करा. तो तास आजीला द्या.