तुम्ही विचारलंत: टेहळणी क्रूझरच्या तोफा आणि नेम धरायची भानगड

मागच्या अंकात पाथफाइंडर या ब्रिटिश टेहळणी क्रूझरबद्दल लिहिलं होतं. 5 सप्टेंबर 1914 ला स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ यू-21 या जर्मन पाणबुडीने ती बुडवली, आणि पाणबुडीने स्वतःच्या जोरावर पळणारा टॉर्पेडो सोडून बुडवलेलं जगातलं ते पहिलं जहाज. मला वाटलं होतं सगळे पाणबुडीबद्दल विचारतील, पण पत्रं आली ती जास्त करून तोफांवर, त्यामुळे या वेळी तोफाच.

प्रश्न: पाथफाइंडरवर "12 पाउंडर 12 हंड्रेडवेट" तोफा होत्या असं तुम्ही लिहिलंत. हे दोनदा 12 काय आहे? आणि साडेपाच किलोचा गोळा घेऊन कोण लढाईला जातं? (एक वाचक, सांगली)

पहिला 12 गोळ्याच्या वजनाचा आणि दुसरा तोफेच्या. हंड्रेडवेट म्हणजे शंभर नाही हां, 112 पाउंड, म्हणजे 12 हंड्रेडवेट झाले 600 किलोच्या थोडे वर. ब्रिटिशांकडे 12 पाउंडरच तीन प्रकारचे होते, 8, 12 आणि 18 हंड्रेडवेटचे, गोळा साधारण तोच पण नळी लहानमोठी, म्हणून ओळखायला हे शेपूट लावायचे. तोंडाचा व्यास 76 मिलिमीटर. अशा दहा तोफा, तीन पुढच्या डेकवर शेजारी शेजारी, तीन मागे आणि मधे दोन्ही बाजूंना दोन-दोन. शिवाय आठ 3 पाउंडर, त्या तर खेळण्यासारख्याच, आणि दोन टॉर्पेडो नळ्या 18 इंची.

आता छोट्या का, तर हे जहाज लढायला बांधलेलंच नव्हतं. 1904-05 च्या सुमाराला ब्रिटिशांनी अशी आठ जहाजं पाण्यात सोडली, चार खासगी कारखान्यांना प्रत्येकी दोन अशी वाटून दिली होती, आणि काम एवढंच की विनाशिकांच्या ताफ्याच्या पुढे राहायचं, शत्रू दिसला की कळवायचं आणि समोरच्या विनाशिका अंगावर आल्या तर त्यांना हाकलायचं. वेग 25 नॉट (तासाला साधारण 46 किलोमीटर) पाहिजे अशी अट होती आणि जहाज तीन हजार टनाच्या आतबाहेरचं, मग सगळं वजन बॉयलर आणि इंजिनातच जाणार ना, तोफांना उरणार काय. त्या वेळच्या विनाशिका एवढ्याशा होत्या, त्यांना 12 पाउंडर पुरेसा होता.

गडबड अशी झाली की विनाशिका वाढत गेल्या. पाचेक वर्षांत त्यांच्यावरच 4 इंची तोफा यायला लागल्या, म्हणजे ज्याला हाकलायचं त्याच्या हातात आपल्यापेक्षा मोठी काठी! मग 1911-12 मध्ये या आठही जहाजांच्या जुन्या तोफा काढून नऊ-नऊ 4 इंची तोफा बसवल्या. त्यांच्या मागून आलेल्या बोडिसियावर सुरुवातीपासून सहा 4 इंची होत्या आणि अॅक्टिव्ह, अँफियन, फिअरलेस या तिघींवर दहा. पण नशीब बघा, अँफियन 6 ऑगस्ट 1914 ला समुद्रात पेरलेल्या सुरुंगावर जाऊन बुडाली, युद्ध पुकारून दोन दिवससुद्धा झाले नव्हते, आणि सुरुंग पेरणारं क्योनिगिन लुइझे हे जहाज तिनेच इतर विनाशिकांबरोबर आदल्या दिवशी बुडवलं होतं. पाथफाइंडरचं तर सांगितलंच. दोन्ही वेळा घाव पाण्याखालून आला, तोफ 3 इंची असो नाहीतर 9 इंची, काय फरक पडणार होता.

प्रश्न: लेखात "फायर कंट्रोल नीट नव्हतं" असं वाचलं. म्हणजे जहाजावर आग विझवायची सोय नव्हती का? (एक वाचक, नाशिक)

हा प्रश्न वाचून मी हसलो आणि मग वाटलं चूक माझीच आहे. इथे फायर म्हणजे गोळीबार. फायर कंट्रोल म्हणजे सगळ्या तोफा कुठे, किती उंच रोखायच्या आणि कधी उडवायच्या हे एका जागेवरून ठरवायची सगळी व्यवस्था. मराठीत "अग्निनियंत्रण" केलं तर बंबच डोळ्यासमोर येतो, म्हणून मी फायर कंट्रोलच म्हणणार.

गरज का पडली ते सांगतो. चालत्या एसटीच्या खिडकीतून समोरून येणाऱ्या दुसऱ्या एसटीच्या खिडकीत पेरू टाकायचाय असं समजा, आणि तुमची गाडी वर डावीउजवीकडे डुलतेय. दोन जहाजं 25 नॉटने समोरासमोर आली तर मधलं अंतर मिनिटाला दीड किलोमीटरने कमी होतं. आणि नऊ-दहा किलोमीटरवर गोळा पोचायला वीस सेकंद तरी जातात, तेवढ्यात एकटं जहाज अडीचशे मीटर पुढे निघून गेलेलं असतं. म्हणजे नेम जहाजावर नाही, जिथे जहाज नाहीये त्या पाण्यावर धरायचा.

यातलं डोलण्याचं दुखणं पर्सी स्कॉट नावाच्या कॅप्टनने आधी सोडवलं. 1899 मध्ये सिल्ला या क्रूझरवर त्याने तोफचींना शिकवलं की जहाज वरखाली होतंय तर तोफ वरखाली करायचं चाक सतत फिरवत राहा आणि दुर्बिणीची तार निशाण्यावरून हलू देऊ नका, आणि 4.7 इंची तोफांचे 70 पैकी 56 गोळे लागले. तेव्हा बाकी आरमाराचा हिशोब इतका वाईट होता की लोकांना खोटं वाटलं. पण हे जवळच्या पल्ल्याचं. पल्ला लांबला की तोफचीची नजर कितीही पक्की असो, अंतरच माहीत नसेल तर काय उपयोग.

अंतरासाठी बार आणि स्ट्राउड या लीड्सच्या दोन प्राध्यापकांनी काढलेला रेंजफाइंडर. आडवी लांब नळी, दोन्ही टोकांना आरसे किंवा प्रिझम, मधे डोळा लावायची जागा. आत चित्र मधोमध कापलेलं दिसतं, शत्रूच्या डोलकाठीचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा सरकलेला, चकती फिरवून दोन्ही जुळवायचे आणि आकडा वाचायचा. अंगठा समोर धरून एकेक डोळा मिटला की अंगठा सरकतो ना, तेच तत्त्व. अडचण अशी की नळी साडेचार फुटांची, आणि नऊ किलोमीटरवरच्या वस्तूसाठी दोन टोकांच्या नजरेतला कोन भरतो अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते. बॅटलशिपवर नंतर नऊ फुटी नळ्या आल्या, पण छोट्या क्रूझरच्या पुलावर (ब्रिजवर म्हणा हवं तर, जिथून जहाज चालवतात ती जागा) जागा कुठे होती, तिथे आधीच कॅप्टन, सुकाणूवाला, निशाणवाला आणि वर उडणारं पाणी!

दुसरं यंत्र ड्युमारेस्क. जॉन ड्युमारेस्क नावाच्या अधिकाऱ्याने 1902 च्या सुमाराला काढलं. गोल तबकडीवर एक पट्टी आपल्या जहाजाची, एक शत्रूच्या जहाजाची, दोघांची दिशा आणि वेग लावला की अंतर मिनिटाला किती वाढतंय-घटतंय आणि नेम बाजूला किती सरकवायचा हे दोन्ही आकडे खाली आयते वाचता येतात. त्रिकोणमिती, पण पितळेत बसवलेली. मला हे यंत्र भयंकर आवडतं, कारण त्यात वीज नाही, गियरचा पसारा नाही, शाळेतली दोन सदिशांची बेरीजच आहे फक्त. मेख एकच, शत्रूचा वेग आणि दिशा डोळ्याने अंदाज करून घालायची, अंदाज चुकला की उत्तरही तितकंच चुकणार.

मग व्हिकर्सचं घड्याळ, 1906 च्या आसपासचं. त्याच्या तबकडीवर वेळेच्या जागी यार्ड लिहिलेले असतात. ड्युमारेस्कने सांगितलेला दर त्यात लावायचा की काटा त्या गतीने सरकतो, आणि आत्ता या क्षणी अंतर किती ते दाखवत राहतो, रेंजफाइंडरवाल्याला धुरात काही दिसेनासं झालं तरी. तो आकडा बोलायच्या नळीतून किंवा टेलिफोनने तोफांपर्यंत ओरडायचा. पहिल्या गोळ्यांचे फवारे कुठे उडाले ते वरून बघणारा सांगणार, "पलीकडे पडले, 400 कमी करा", मग "अलीकडे पडले, 200 वाढवा", असं करत करत मधे पकडायचं.

टेहळणी जहाजांवर यातलं थोडंसंच होतं. सगळ्या तोफा एकाच जागेवरून रोखून एकाच कळीने उडवायची डायरेक्टर पद्धत पर्सी स्कॉटनेच पुढे रेटली, 1912 मध्ये थंडरर आणि ओरायन या दोन बॅटलशिपची चुरस लावली, डायरेक्टरवाली थंडरर सरळ सरळ जिंकली, तरी आधी ती मोठ्या जहाजांनाच मिळाली. आमच्या छोट्या क्रूझरवर 1914 ला तोफची आपापल्या तोफेवर, आपापल्या डोळ्याने.

प्रश्न: आम्ही चार पिढ्या चेन्नईत आहोत. इथे चलाख, कुणाला न ऐकणाऱ्या माणसाला "एमडन" म्हणतात, ते जर्मन जहाजावरून असं ऐकलं. तिच्या तोफा एवढ्या भारी होत्या का? (एक वाचक, चेन्नई)

हो, त्याच जहाजावरून. पण तोफा भारी नव्हत्या, कॅप्टन भारी होता, कार्ल फॉन म्युलर. एमडेनवर दहा तोफा, 10.5 सेंटिमीटरच्या, गोळा सोळा-सतरा किलोचा. जर्मनांकडे टेहळणीसाठी वेगळा वर्ग नव्हता, त्यांच्या "छोट्या क्रूझर" तेही काम करायच्या, म्हणून ती या गप्पांत बसते.

22 सप्टेंबर 1914 च्या रात्री ती मद्रासच्या समोर आली, सर्चलाइट लावला आणि तीनेक हजार यार्डांवरून सव्वाशेच्या आसपास गोळे सोडले, बर्मा ऑइलच्या टाक्या पेटल्या आणि ती निघून गेली. हायकोर्टाच्या आवारात त्याची पाटी आहे, तुम्ही बघितली असेलच. पण तोफखान्याच्या दृष्टीने हे सोपं काम, टाकी कुठे पळून जाते. खरी परीक्षा झाली 9 नोव्हेंबरला कोकोस बेटांजवळ.

एमडेनने तारकचेरी मोडायला पन्नासेक माणसं डायरेक्शन बेटावर उतरवली होती, कचेरीतल्या लोकांनी तेवढ्यात संदेश पाठवला, आणि जवळूनच सैनिकांचा काफिला घेऊन चाललेल्यांपैकी ऑस्ट्रेलियाची सिडनी ही क्रूझर धावली. सिडनीवर आठ 6 इंची तोफा, एका बाजूला पाच वापरता येणार. एमडेनच्याही एका बाजूला पाचच. पण सिडनीचा एकेक गोळा 45 किलोचा, म्हणजे एका दमात सव्वादोनशे किलो विरुद्ध ऐंशी-पंच्याऐंशी. शिवाय सिडनी वेगवानही. कागदावर लढाई संपलेलीच होती आणि सिडनीचा कॅप्टन ग्लॉसॉप याचा हिशोब असा की लांब राहायचं, त्यांच्या छोट्या तोफा पोचणार नाहीत.

पोचल्या. जर्मनांच्या तोफांची तोंडं 30 अंशांपर्यंत वर व्हायची, त्यामुळे पल्ला ब्रिटिशांच्या अंदाजापेक्षा बराच जास्त होता. साडेनऊ किलोमीटरच्या आसपासून एमडेनने आधी गोळीबार सुरू केला आणि काही मिनिटांत सिडनीला गोळे लागायला लागले. एक गोळा पुलाजवळच्या रेंजफाइंडरवर, तो चालवणारा जागीच गेला. दुसरा मागच्या फायर कंट्रोलच्या जागेवर, तिथली माणसं जखमी आणि जागा निकामी. म्हणजे सिडनीचे डोळेच फुटले, तोफा मात्र सगळ्या शाबूत. वरच्या प्रश्नात म्हणालो तसं, अंतर कळेनासं झाल्यावर मोठ्या तोफेचं काय करायचं? सिडनीचे सुरुवातीचे फेर भलतीकडेच पडत होते.

मग एमडेनचे काही गोळे फुटलेच नाहीत, पन्नास माणसं किनाऱ्यावर अडकलेली, आणि सिडनीला फवारे बघून बघून अंतर सापडलं. त्यानंतर एकतर्फी झालं. एमडेनच्या धुराच्या चिमण्या पडल्या, बोलायच्या नळ्या तुटल्या, आता त्यांच्याकडे फायर कंट्रोल नाही, आणि सव्वाअकराच्या सुमाराला म्युलरने ती नॉर्थ कीलिंग बेटाच्या खडकावर चढवली. एमडेनवर 130 च्या वर माणसं मेली, सिडनीवर चार. सिडनीने त्या दिवशी 6 इंची गोळे सुमारे 670 झाडले, म्हणजे दीड तासात कोठार जवळजवळ हलकं केलं. माझं मत विचाराल तर जर्मन तोफचींनी त्या दिवशी पहिल्या पंधरा मिनिटांत जे केलं ते त्या काळातल्या उत्तम गोळीबारात मोजायला हवं, हरले तरी.

आणि एक गंमत. तो यंत्रवाला ड्युमारेस्क जन्माने सिडनी शहरातलाच, आणि 1917 मध्ये याच सिडनी जहाजाचा कॅप्टन झाला!

प्रश्न: अमेरिकेकडे अशी टेहळणी जहाजं होती का? (एक वाचक, फलटण)

तीनच. चेस्टर, बर्मिंगहॅम, सेलम, तिन्ही 1908 मध्ये नौदलात आल्या. 3,750 टन, 24 नॉट, म्हणजे ब्रिटिशांपेक्षा मोठ्या, पण 5 इंची तोफा फक्त दोन आणि 3 इंची सहा, टॉर्पेडो नळ्या दोन, 21 इंची. एवढ्या मोठ्या जहाजाला दोनच मोठ्या तोफा म्हणजे कंजूषपणाच वाटतो, पण त्यांचा भर लांब जाण्यावर आणि कोळशावर. तिघींना इंजिनं मुद्दाम वेगवेगळी दिली, चेस्टरला पार्सन्सची टर्बाइन, सेलमला कर्टिसची आणि बर्मिंगहॅमला जुन्या पद्धतीचं पिस्टनवालं, कुठलं बरं ते बघायला.

त्यातली ही पिस्टनवाली, सगळ्यात जुनाट यंत्राची बर्मिंगहॅमच इतिहासात राहिली. 14 नोव्हेंबर 1910 ला तिच्या पुढच्या तोफेवर लाकडी फळ्यांचा उतार बांधला आणि यूजीन इलीने त्यावरून विमान उडवलं, जहाजावरून उडालेलं पहिलं विमान. खाली झुकताना चाकं पाण्याला टेकली, पंख्याला इजा झाली, चष्म्यावर पाणी उडून काही दिसेना, पण गडी पलीकडच्या वाळूवर उतरला. पाचच वर्षांनी, जुलै 1915 मध्ये, आफ्रिकेच्या रुफिजी नदीत लपलेल्या क्योनिग्सबर्ग या जर्मन क्रूझरवर ब्रिटिश गोळे मारत होते तेव्हा गोळा कुठे पडला हे वरून विमानातला माणूस सांगत होता.